खिळ्यांच्या दुकानातली लेखिका

पत्रकारितेच्या पहिल्या वर्षी आम्हाला जिल्ह्यातल्या एका साहित्यिकाची मुलाखत घेऊन यायला सांगितलं, तेव्हा निम्मा वर्ग एकाच घरी गेला. ते घर एका निवृत्त प्राचार्यांचं. ते कविता करत. वसंतावर, आईवर आणि बळीराजावर आलटून पालटून लिहीत आणि वाचून दाखवताना स्वतःच सद्गदित होत. येणाऱ्या प्रत्येकाला ते चहा, चिवडा आणि स्वतःच्या परिचयाचा छापील कागद देत. पोरांनी तो कागद घरी येऊन उतरवला. सगळ्यांचे लेख सारखे निघाले, आणि आमच्या विभागप्रमुखांना ते सगळेच आवडले.

मी त्या घरी गेले नाही. यात माझा काही मोठेपणा नाही. माझ्या मनात दुसरीच बाई भरली होती.

मी अल्लीपूरची. बाबा शेती करतात. वर्ध्याला शिकायला आले तेव्हा दोन मैत्रिणींसोबत सिंदी मेघेला खोली करून राहिले. खोलीतला नळ गळायचा आणि घरमालक रोज उद्याचा वायदा करायचा, म्हणून एका दुपारी मीच वायसर आणायला हार्डवेअरच्या दुकानात गेले. काउंटरवर नळांच्या खोक्यांशेजारी पुस्तकांची चळत होती. बाई खिळे मोजून देत होती तोवर मी एक उघडलं. पहिल्याच पानावर एका तेरवीचं जेवण चाललं होतं. पाहुण्यांनी बुंदी गोड नाही म्हणून कुरकुर केली, आणि ज्या बाईचा नवरा गेला होता तीच उठून बुंदी चाखून पाहायला गेली. एवढंच. आणि ते सगळं, निवेदनासकट, आमच्या घरात बोलतात त्या भाषेत. 'मले', 'तुले', 'काऊन' हे शब्द मी तोवर छापलेले पाहिले होते ते फक्त विनोदी नोकरांच्या तोंडी. मी वायसर घ्यायचं विसरून पुस्तक घेऊन आले. नळ आणखी आठवडाभर गळत राहिला.

पुस्तक लिहिणारी बाई म्हणजे ती दुकानदारीणच. साठीच्या आसपासची, व्यापारी घरातली. भाऊ नागपूरला गेले, हिनं लग्न केलं नाही आणि बापाचं दुकान सोडलं नाही. पुस्तकं ती लग्नपत्रिका छापणाऱ्या प्रेसमध्ये छापून घेई. पहिल्या पुस्तकाच्या मागच्या पानावर प्रेसवाल्याच्या सवयीनं गणपती आला होता, तोही तिनं राहू दिला. प्रस्तावना नाही, मनोगत नाही, कुणा प्राध्यापकाचे चार शब्द नाहीत. लग्नं, तेरव्या, बारशी, वाटण्या यांत माणसं एकमेकांशी कशी वागतात, तेवढंच ती लिहायची. कुणाचं नाव घालायची नाही. तरी पहिल्या पुस्तकानंतर तिच्या नातेवाइकांनी तिला लग्नांना बोलावणं बंद केलं. आहेराचा त्रास वाचला, असं ती म्हणायची.

मी तिचं नाव सांगितल्यावर विभागप्रमुख हसले.

"ती हार्डवेअरवाली? अहो, ते साहित्य नाही. चहाड्या आहेत त्या. आणि बोली संवादात शोभते. निवेदन प्रमाण भाषेतच हवं."

हे गृहस्थ आर्वीकडच्या खेड्यातले. आईचा फोन आला की केबिनचं दार लावून घेत आणि आतून स्वच्छ ऐकू येई, "मी मिटिंगमंदी आहो, मंग बोलतो तुह्यासंग." प्रमाण भाषेची एवढी चाड असलेल्या माणसानं निदान दार तरी जाड बसवून घ्यायचं.

मी दुकानात गेले. ती गिऱ्हाइकाला पाइप कापून देत होती.

"काय पायजे?"

"मुलाखत."

"थे आमी ठेवत नाई. पलीकडच्या दुकानात पाह्य."

मी तिथेच उभी राहिले. गिऱ्हाईक गेल्यावर तिनं रंगाच्या एका मोठ्या डब्याकडे बोट दाखवलं. "बसाचं असंन तर बस. मध्ये मध्ये विचारत नको बसू."

अशी मी बसायला लागले, आणि मग जवळजवळ रोजच. भक्ती म्हणतात ती अशीच असते, थोडी मूर्ख. तिच्या मनगटावर बापाचं मोठ्या तबकडीचं घड्याळ असे, म्हणून मीही हिंगणघाटच्या बाजारातून तसलंच घेतलं आणि वर्गात मिरवलं. ती हसताना तोंड मिटून हसायची, तर मीही. मैत्रिणी म्हणाल्या, तुला दात दुखतोय का?

मी लिहिलेला लेख तिला दाखवला तेव्हा तिनं कानामागची पेन्सिल काढली आणि पहिल्याच ओळीतला 'बंडखोर' खोडला.

"बंड कोणासंग केलं मी? दुकान चालवतो मी."

मग 'रखरखत्या उन्हात' खोडलं. "तू आली तवा पंखा चालू होता." मग 'डोळ्यांत एक वेगळीच चमक' खोडलं. "मोतीबिंदू आहे तो." शेवटी पान परत देत म्हणाली, "जे पाह्यलं नाई, थे लिहू नको. अन् पाह्यलं त्यात आपलं कालवू नको."

मला हे वेदवाक्य वाटलं. लेख तसाच दिला. विभागप्रमुखांनी त्यावर 'व्यक्तिनिष्ठ, कोरडा' असा शेरा मारला. एकाच वेळी दोन्ही कसं असतं, ते त्यांनाच ठाऊक.

त्या उन्हाळ्यात एकदा दुपारी वीज गेली होती, गिऱ्हाईक नव्हतं, आणि तिनं सहज विचारलं, "तुह्या घरी लग्न झालं ना आता? कसं झालं?"

मी सांगितलं. मला पक्कं ठाऊक होतं की ही बाई ऐकते ते लिहिते. त्यासाठीच सांगितलं.

लग्न माझ्या मोठ्या बाबांच्या, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाच्या मुलीचं. त्यांच्या घरातलं स्वयंपाकघर माझ्या आत्याच्या हाती. आत्याला हिंगणीकडे दिली होती. नवऱ्यानं दुसरी बाई आणून ठेवली, तशी ती पेटी घेऊन अल्लीपूरला परत आली. परत आल्यावर आमच्या लोकांनी तिला मोठ्या मनानं ठेवून घेतलं, असं ते स्वतःच चारचौघांत सांगतात. मोठ्या मनानं म्हणजे दोन्ही भावांच्या घरी तिनं रांधून घालायचं आणि शुभकार्याला कुणाच्या दृष्टीस पडायचं नाही. ज्या मुलीची वेणी तिनं शाळा सुटेपर्यंत घातली, तिच्या हळदीला त्या मुलीची आई, आमची मोठी आई, आत्याला म्हणाली, "तू आतच राह्य, बाई. वरपक्षाच्या बाया येऊन राह्यल्या." आत्या आत राहिली. सगळ्या सोयऱ्यांचं पुरण तिनं एकटीनं केलं. फोटोवाल्यानं मामा, मावशी, शेजारी, गुरुजी, सगळ्यांना हाका मारमारून उभं केलं. आत्याला कुणी हाक मारली नाही, आणि अल्बममध्ये ती कुठंही नाही. सासरच्या मंडळींनी पुरणपोळीचं मात्र फार कौतुक केलं. ते मोठ्या आईनं हसून स्वीकारलं.

बाईनं ऐकून घेतलं. वीज आल्यावर उठून पंखा लावला. 

दिवाळीनंतर तिचं नवं पुस्तक आलं आणि त्यात हे होतं. नाव नाही, गाव नाही, पण होतं सगळं. मी रात्रीतून वाचलं आणि फुशारले. मग कुणा सोयऱ्यानं पानांचे फोटो काढून समाजाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले. ज्या ग्रुपवर सकाळी फुलं आणि सुविचार आणि संध्याकाळी निधनवार्ता याखेरीज कुणी काही वाचत नाही, तिथं त्या दिवशी लोकांनी साहित्य वाचलं.

मला अल्लीपूरला बोलावणं आलं.

बैठकीत मोठे बाबा, बाबा आणि नुकता नोकरीला लागलेला चुलतभाऊ. आई दाराशी. शाळा सोडल्यापासून मोठ्या बाबांनी पुस्तक हातात धरलं नव्हतं. आज मोबाइलवर बोटं फिरवून एकेक ओळ मोठी करून पाहत होते.

"तूच सांगतलं?"

"हो."

"काऊन?"

"खोटं आहे का त्यात काही?"

 चुलतभाऊ पंख्याकडे पाहत राहिला. मग मोठे बाबा म्हणाले, "खरं आहे म्हणून काय छापाचं असते?"

आमच्या घराण्याचं सगळं तत्त्वज्ञान या एका वाक्यात आलं. माणसाला वर्षानुवर्षं आत कोंडून ठेवलं, त्यात इज्जत गेली नाही. ती गेली कागदावर आल्यावर. त्यातही आत्याला काय वाटत असेल, हा प्रश्न त्या बैठकीत कुणाच्या डोक्यात आला नाही. ती तेव्हा चहा घेऊन आली होती आणि कप ठेवत होती.

ठरलं असं, की वर्ध्याला जायचं, त्या बाईला दम द्यायचा आणि उरलेली सगळी पुस्तकं परत घ्यायला लावायची. मोठ्या बाबांनी गाडी काढली. बाबा पुढे बसले, मला मागे बसवलं. तेवढ्यात आत्या आतून आली. अंगावर बाहेरची साडी, हातात पिशवी.

"मी बी येतो," ती म्हणाली.

"तू कायले?" मोठे बाबा म्हणाले.

"माह्यंच लिहिलं ना?" आणि दार उघडून माझ्याशेजारी बसली.

 रस्ताभर आत्या खिडकीतून कापसाच्या पऱ्हाट्या पाहत होती. मला आतून फार वीरश्री चढली होती. आता माझी लेखिका या सगळ्यांना कशी धूळ चारते ते पाहायचं होतं.

सुरुवात मनासारखी झाली. मोठे बाबा दुकानाच्या पायरीवरूनच ओरडले. बाई तराजूत खिळे टाकत होती, ती टाकत राहिली. समाजाची मीटिंग घेऊ, पोलिसांत जाऊ, वकील पाहू, असं सगळं बोलून त्यांना धाप लागली, तेव्हा तिनं खिळ्यांची पुडी बांधली आणि विचारलं, "याच्यात तुमचं नाव आहे?"

"नाई."

"गावाचं?"

"नाई."

"मंग हे तुमीच आहा, हे तुमाले कसं कळलं?"

बाबांनी मान खाली घातली. त्यांना हसू आलं होतं, असं मला अजून वाटतं.  मी डब्यावर बसून जग जिंकलं.

आणि मग आत्या बोलली.

"थे पान काढा जरा."

बाईनं पुस्तक दिलं. आत्या सातवीपर्यंत शिकलेली. तिनं बोट ठेवून, सावकाश, मोठ्यानं वाचलं: "'बाहेर बाया हसून राह्यल्या होत्या, अन् ही चुलीपुढं बसून पदरानं डोये पुसत होती.'" मग बोट तिथेच ठेवून तिनं वर पाहिलं. "मी रडली नाई."

मग तिचं बोट मागे 'चुली'वर सरकलं.

"अन् चूल कुठची? गॅस होता. दोन शेगड्या भाड्यानं आणल्या होत्या."

बाईनं माझ्याकडे पाहिलं. "तू सांगतलं होतं का रडली म्हणून?"

"नाही," मी म्हणाले. मी खरंच सांगितलं नव्हतं. वाचताना ती ओळ मला आवडली होती, इतकी की ती मी सांगितलेलीच नाही हे लक्षातही आलं नव्हतं. पाहिलं नाही ते लिहू नको म्हणून माझं पान रंगवणाऱ्या बाईनं स्वतः चूल पेटवली होती, पदर आणला होता, डोळे पुसले होते. हे तर तो निवृत्त प्राचार्यही करतो. करायला सोपं असतं म्हणून करतो.

"मले वाटलं…" बाई म्हणाली आणि थांबली. मग खरं तेच बोलली. "रडणारी बाई लोकाईले समजते. म्हणून टाकलं."

"मी काय करून राह्यली होती, सांगू?" आत्या म्हणाली. "जेवून राह्यली होती."

"काय?" हे मोठे बाबा.

"पयली पोळी तव्यावरून उतरली का ताटात घेतली. तूप घेतलं, वाटीभर. कढी घेतली. दार लोटून घेतलं अन् पाट मांडून जेवली. मंग बाकीच्याईचं वाढलं."

"निवदाच्या आधी?"

"हो."

"वरपक्षाच्या आधी?"

"हो ना. दर लग्नात तसंच करतो मी. मले आत ठेवता ना तुमी. मंग आत काय उपाशी राहू?"

मोठ्या बाबांचा चेहरा मी आयुष्यात विसरणार नाही. पुस्तकानं झाली नव्हती एवढी त्यांची दैना या एका वाटीभर तुपानं केली. इतकी वर्षं त्यांच्या घरातल्या प्रत्येक देवाला, प्रत्येक व्याह्याला, प्रत्येक जावयाला या बाईनं जेवून झाल्यावरचं वाढलं होतं. ते खाली उतरले, रस्त्याच्या पलीकडे रसवंतीवर जाऊन बसले. बाबाही गेले. पुस्तकं परत घ्यायची गोष्ट तिथेच विरली.

बाई मात्र हसायला लागली. तोंड मिटून नाही, चांगलं खदखदून. मग गंभीर होऊन तिनं आत्याला विचारलं, "हे लिहू का मी?"

"लिवा. तुपासकट लिवा. अन् थे रडणं काढा."

छापलेलं कसं काढणार? बाईनं पाइपवर खुणा करायचा काळा मार्कर घेतला, आतून उरलेल्या प्रती बाहेर आणल्या आणि एकेका प्रतीतली ती ओळ खोडायला लागली. आत्या रंगाच्या डब्यावर बसली, माझ्या जागेवर, आणि पानं उघडून देत गेली. माझं अक्षर बरं म्हणून समासात नवी ओळ मी लिहायची: ती जेवत होती. मार्कर मागच्या पानावर फुटला, तिथलं एका बारशाचं वर्णन अर्धं काळं झालं. "जाऊ दे," बाई म्हणाली, "थे बारसं तसंबी पांचट होतं." गिऱ्हाइकं यायची, पाइपांचे एल्बो न् टी मागायची, या तिघी काय करताहेत ते पाहून जायची.

आधीच विकल्या गेलेल्या प्रती मात्र गेल्या त्या गेल्या. त्यातली एक निवृत्त प्राचार्यांकडे होती. पुढच्या हिवाळ्यात आमच्याच कॉलेजात त्यांनी ग्रामीण स्त्रीवर व्याख्यान दिलं, तेव्हा बोलीला आता मान मिळू लागलाय हे त्यांच्या कानावर आलं होतं. त्यांनी नेमकी तीच ओळ वाचली. चुलीपुढं पदरानं डोळे पुसणारी ही स्त्री म्हणजे आपल्या मातीचा मूक अश्रू आहे, असं म्हणाले आणि स्वतःचेही डोळे पुसले. विभागप्रमुखांनी पहिल्या रांगेतून टाळ्या वाजवल्या. निवेदन प्रमाण भाषेत नसल्याची त्यांना त्या दिवशी अडचण वाटली नाही. मी मागून ओरडले, "सर, ती जेवत होती." कुणालाच कळलं नाही, आणि शेजारच्या मुलीनं मला खाली बसवलं.

हा सगळा प्रकार मी शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात लिहिला. "यात बातमी कुठे आहे?" असं विभागप्रमुखांनी विचारलं आणि मला पास केलं. आता मी वर्ध्यातल्या एका वर्तमानपत्राच्या कचेरीत काम करते. तिथं बातमी कशाला म्हणतात ते नीट शिकले: नेत्याचा वाढदिवस ही बातमी, त्यानं वाटलेल्या छत्र्या ही बातमी, छत्र्यांवरचा त्याचा फोटो ही तर पहिल्या पानाची बातमी.

ते मोठ्या तबकडीचं घड्याळ मी कधीच काढून ठेवलं. बाईबद्दलचं माझं कौतुक मात्र गेलं नाही, फक्त त्यातली पूजा गेली. ती चुकली, स्वस्तात चुकली, आणि ज्या बाईबद्दल चुकली तिच्यासमोर बसून हातानं खोडत राहिली. वर्ध्यात लिहिणारे पुष्कळ आहेत. स्वतःची टाळी मिळवणारी ओळ खोडणारं मी दुसरं कुणी पाहिलेलं नाही.

आत्या महिन्यातून एखादी चक्कर दुकानात मारते. अल्लीपूरहून बसनं एकटी येते, मोठ्या बाबांना विचारत नाही. दोघी फारसं बोलत नाहीत. आत्या गिऱ्हाइकांना फाटक्या पिशव्यांत खिळे देऊ नका म्हणून बाईला बोलते, बाई ऐकत नाही.

मागच्या महिन्यात बाईचं नवं पुस्तक आलं. मी वाचून दुकानात गेले आणि सांगितलं की मधला भाग रटाळ आहे, दोन भावांच्या वाटणीचं उगाच लांबवलंय.

"कुठून कुठवर?" तिनं विचारलं.

मी पानं दाखवली. तिनं चष्मा लावून ती वाचली, तिथेच उभं राहून, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

"नाई," ती म्हणाली, "हे बरोबर आहे. तुले वाटण्या समजत नाई अजून." आणि नळाच्या व्हॉल्व्हचा डबा उतरवायला शिडीवर चढली.

मला अजूनही तो भाग रटाळच वाटतो.